हिमाची पारख : गुलमर्गच्या उतारांवरून

मराठी मुलुखात हिम पडत नाही. पण मराठी भाषेत ते वर्षानुवर्षे वस्तीला आहे. ‘हिंव’, ‘हिवाळा’ आणि ‘हिवताप’ हे तिन्ही शब्द संस्कृत ‘हिम’ या शब्दाचेच वंशज होत. मूळ पदार्थ मात्र आपल्या अनुभवात नसल्यामुळे त्याच्या भेदांसाठी आपण निराळे शब्द घडवले नाहीत. आभाळातून भुरभुरत येतो तोही बर्फ, फ्रिजच्या कप्प्यात जमतो तोही बर्फ आणि उसाच्या रसात पडतो तोही बर्फच. शास्त्रीय लेखनात स्फटिकरूपाने पडणाऱ्या आणि सच्छिद्र थरांनी साचणाऱ्या पदार्थाला ‘हिम’ म्हणतात, तर पाणी गोठून झालेल्या अखंड, कठीण पदार्थाला ‘बर्फ’. या लेखात हाच भेद पाळला आहे. स्की पायाला बांधणाऱ्याला तो शब्दकोश न उघडताही कळतो, कारण हिमात स्कीची कड रुतते व वळण घेता येते, आणि बर्फावर ती निसटते.

स्कीइंगची सहल ठरवताना आपल्याकडचा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो : तेव्हा बर्फ असेल ना? प्रश्न साहजिक असला तरी अपुरा आहे. हिम किती आहे याइतकेच ते कोणत्या जातीचे आहे, केव्हा पडले आणि पडल्यानंतर त्याच्यावर काय काय गुदरले हेही पाहावे लागते. आभाळाचा अंदाज आता प्रत्येकाच्या मोबाइलवर मिळतो. जमिनीवर साचलेल्या थराचा पूर्वेतिहास मात्र मुद्दाम शोधावा लागतो, आणि सहलीची मजा व सुरक्षितता या दोहोंचा निकाल बव्हंशी तोच लावतो. भारतात हा अभ्यास करण्यास गुलमर्गइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही.

गुलमर्ग हे जम्मू-काश्मीरच्या बारामुल्ला जिल्ह्यात, पीर पंजाल रांगेच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर वसलेले आहे. ‘मर्ग’ म्हणजे कुरण. जुने नाव गौरीमर्ग; सोळाव्या शतकात सुलतान यूसुफ शाह चक याने ते बदलून गुलमर्ग केले, असे सांगतात. येथे ब्रिटिशांनी १९२७ मध्ये स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, लष्कराने येथे हिमप्रदेशातील युद्धाचे शिक्षण देणारी शाळा काढली. आजचे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ते हेच. परंतु गुलमर्गला जगाच्या नकाशावर नेले ते रज्जुमार्गाने. ‘गंडोला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला व तो प्रवाशाला सुमारे ३,०८० मीटरवरील कोंगदोरीपर्यंत नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, ४,००० मीटरच्या थोडे खाली पोहोचतो. शिखर त्याहूनही उंच, सुमारे ४,३९० मीटर आहे. म्हणजे पाळण्यात बसून माणूस घटकाभरात सव्वा किलोमीटरहून अधिक उंची चढतो, आणि तेवढ्यात हवामान पूर्णपणे बदलून गेलेले असते.

येथील हिमाचा उगम भूमध्य समुद्राच्या बाजूला आहे. हिवाळ्यात भूमध्य, काळा व कॅस्पियन या समुद्रांच्या परिसरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. वातावरणाच्या उंच थरांतून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वायुझोतावर स्वार होऊन ती इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडत हिमालयाला येऊन धडकतात. यांना पश्चिमी विक्षोभ किंवा पश्चिमी झंझावात म्हणतात. ऐन हिवाळ्यात महिन्याला साधारणपणे चार ते सहा विक्षोभ येतात, पण त्यांतले सगळेच काही दमदार नसतात. काही नुसते ढग दाखवून निघून जातात, तर काहींना वाटेत अरबी समुद्रावरून बाष्पाची जोड मिळते आणि ते दोन-तीन दिवस ठाण मांडून बसतात. पीर पंजालची भिंत आडवी आल्यामुळे ही ओलसर हवा वर ढकलली जाते, निवते, आणि तिच्यातील पाणी हिमरूपाने खाली येते. म्हणूनच याच भिंतीला टेकलेल्या गुलमर्गला भरघोस हिम मिळते आणि तिच्या व झन्स्करच्याही पलीकडचे लडाख कोरडे राहते.

या विक्षोभांशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. काश्मीरला हिम देऊन विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेची कोरडी, थंड हवा खाली उतरते. मग निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात आणि नाशिकचे द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवून रात्र जागून काढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे होणाऱ्या काही गारपिटींच्या मुळाशीही हेच विक्षोभ असतात. पुण्यातील शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातून रोज ये-जा करणाऱ्यांना त्या नावाचे नवल वाटत नाही, पण त्यामागे हवामानशास्त्राचाच इतिहास आहे : भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले, आणि १९४४ मध्ये ते दिल्लीला गेल्यानंतरही लोकांनी इमारतीचे नाव बदलले नाही.

विक्षोभाची चाहूल दोन ते चार दिवस आधी लागते. उपग्रहाच्या चित्रांत ढगांचा पट्टा पश्चिमेकडून सरकताना दिसतो आणि हवामान खात्याचे श्रीनगर येथील केंद्र तसा इशारा देते. तीन ते पाच दिवसांच्या अंदाजावर भिस्त ठेवण्यास हरकत नाही. मात्र दहा-पंधरा दिवसांपुढचे हिमाचे आकडे कोणी मोबाइलवर दाखवले तर त्यांना पंचांगातील पर्जन्ययोगाइतकेच महत्त्व द्यावे. प्रत्यक्ष जागेवरही खुणा दिसतात. प्रथम उंचावर पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ येतात, वाऱ्याची दिशा दक्षिण-नैर्ऋत्येकडे वळते, दाब उतरतो, आणि एरवी कडाक्याची असणारी रात्र ऊबदार वाटू लागते. मैदानातल्या माणसाला हे शेवटचे लक्षण उलटे वाटते, पण हिम पडण्यापूर्वी हवा नेहमीच थोडी सैल होते.

अंदाज वाचताना तो कोणत्या उंचीचा आहे हे आधी पाहावे. हवेचे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर आहे. तेथे ५ अंश सेल्सिअस असताना पाऊस पडत असेल तर गुलमर्गला उणे २च्या आसपास हिम पडत असले पाहिजे, आणि गंडोलाच्या माथ्यावर उणे १०. ज्या उंचीवर तापमान शून्य होते तिला शून्यरेषा म्हणू. एखाद्या ऊबदार विक्षोभात ही रेषा गुलमर्गच्याही वर सरकते. मग खालच्या कुरणावर पाऊस, कोंगदोरीला जड ओले हिम आणि अफरवटला कोरडे हिम अशी एकाच दिवशी तीन हवामाने नांदतात. या हिशेबाला एक मोठा अपवाद आहे. आभाळ निरभ्र व वारा शांत असेल तेव्हा थंड, जड हवा काश्मीरच्या खोऱ्यात तळ्यासारखी साचते, आणि श्रीनगर धुक्यात कुडकुडत असताना वर गुलमर्गला स्वच्छ ऊन असते. अशा दिवशी विमान उतरत नाही म्हणून श्रीनगरच्या नावाने बोटे मोडली जातात, पण वरच्या उतारांवर मात्र दिवस नामी असतो.

आता हिमाच्या जन्माकडे वळू. ढगातील बाष्प सूक्ष्म कणाभोवती थेट गोठून स्फटिक तयार होतो. पाण्याच्या रेणूंच्या रचनेमुळे तो षट्कोनी असतो; योहानेस केप्लरने १६११ साली या षट्कोनाच्या कारणावर एक छोटा ग्रंथच लिहिला होता. अमेरिकेतील व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले आणि पुढे आयुष्यभरात अशी पाच हजारांवर छायाचित्रे काढली. स्फटिकाचा आकार कशावर ठरतो याचा उलगडा मात्र जपानमध्ये झाला. होक्काइडो विद्यापीठाच्या उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि तापमान व आर्द्रता यांनुसार आकार कसा बदलतो याचा आलेखच तयार केला. शून्याच्या लगत पातळ चकत्या, उणे ५ अंशांच्या सुमारास सुया व स्तंभ, आणि उणे १५च्या आसपास, भरपूर बाष्प असेल तर, फांद्या फुटलेल्या चांदण्या तयार होतात. या चांदण्या एकमेकींवर अलगद टेकतात आणि त्यांच्यामध्ये हवा कोंडते. अशा ताज्या थराचा घनमीटरभर तुकडा ५० ते १०० किलोग्रॅम भरतो. तेवढेच पाणी १,००० किलो भरले असते. म्हणूनच ढोबळ हिशेबाने एक मिलिमीटर पावसाच्या पाण्यातून एक सेंटिमीटर हिम होते. ज्या ‘पावडर’साठी देशोदेशीचे स्कीपटू गुलमर्गला येतात ती हीच. मराठीत तिला भुरभुरीत हिम म्हणावे. मुठीत दाबले तर तिचा गोळा होत नाही; हात उघडला की ती फुंकरीनेही उडते.

पण हे रूप टिकाऊ नसते. जमिनीवर टेकताच चांदणीच्या फांद्या मोडू लागतात आणि तेथून हिमाचे दुसरे आयुष्य सुरू होते. जमिनीवरील हिमाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नऊ मुख्य वर्ग मानले आहेत. नवपतित कण, यंत्रनिर्मित हिम, विघटित कण, गोलाकार कण, पैलूदार स्फटिक, तळदहिवर, पृष्ठदहिवर, वितळून बनलेली रूपे आणि बर्फाचे थर असे ते वर्ग होत. यांतील ‘दहिवर’ हा शब्द आपल्या बोलीतून घेतला आहे. इंग्रजीत ज्याला होअर म्हणतात ते हेच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या पहाटे गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर जमतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘महाबळेश्वरला बर्फ’ असा मथळा येतो. ते हिम नव्हे. ते आभाळातून पडलेलेच नसते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि हवेतील बाष्प तिच्या पृष्ठावर थेट गोठते, एवढेच ते असते. हेच दहिवर हिमाच्या थरावर जमले की त्याला पृष्ठदहिवर म्हणतात. सकाळच्या उन्हात ते पिसांसारखे चमकते, आणि त्यातून जाताना स्कीखाली काच किणकिणल्यासारखा बारीक आवाज येतो. दिसायला याच्यासारखे सुंदर दुसरे काही नाही. पण त्यावर नवे हिम पडले की हाच नाजूक थर गाडला जातो आणि वरच्या सगळ्या ओझ्याखाली घसरपट्टीसारखा दबा धरून बसतो.

तळदहिवर याहून कपटी असते, आणि गुलमर्गच्या हंगामाच्या पूर्वार्धात त्याची गाठ हमखास पडते. त्याची घडण समजून घेण्यासारखी आहे. हिम हा उष्णतेचा वाईट वाहक असल्यामुळे थराचा तळ जमिनीच्या उबेने शून्य अंशाच्या जवळ राहतो, आणि पृष्ठभाग मात्र रात्री उणे १५ पर्यंत उतरू शकतो. थर दीड मीटर जाड असेल तर हा फरक दर मीटरला १० अंश पडतो. पण तो अवघा अर्धा मीटर असेल तर दर मीटरला ३० अंश. दर मीटरला १० अंशांपेक्षा जास्त फरक झाला की तळाचे कण झिजून त्यांचे बाष्प वर सरकते आणि त्यातून मोठे, पैलूदार, एकमेकांना न चिकटणारे स्फटिक वाढतात. म्हणून डिसेंबरात थोडे हिम पडून मग तीन आठवडे कोरडे, निरभ्र गेले तर तो पातळ थर आतून पोखरला जातो. हिम कमी म्हणजे धोका कमी, हा आपला सरळ हिशेब येथे सपशेल चुकतो.

हे सारे डोळ्यांनी पाहायचे असेल तर हिमखड्डा खणावा लागतो. जाणकार वाटाड्या फावड्याने उभी, सावलीतली भिंत कापून काढतो आणि हातमोजा घातलेला हात तिच्यात वरून खाली खुपसत जातो. या परीक्षेचे जगभर मान्य असे पाच दर्जे आहेत : मूठ, चार बोटे, एक बोट, पेन्सिल आणि सुरी. ज्या थरात मूठ शिरते तो सर्वांत मऊ, आणि ज्यात सुरीच शिरते तो सर्वांत कठीण. वरच्या हातभर हिमात मूठ सहज जाते. त्याखाली वाऱ्याने दाबलेल्या थरात एकच बोट शिरते. मग जुन्या उन्हाने वितळून गोठलेल्या पापुद्र्याला पेन्सिलच लागते. आणि त्याच्याखाली एकाएकी पुन्हा मूठ आत जाते. हात बाहेर काढला की पोत्याला भोक पडावे तसे साखरेएवढे दाणे भिंतीतून घरंगळत राहतात. इंग्रजीतही या थराला साखरी हिम म्हणतातच. मऊवर कठीण, कठीणखाली पुन्हा मऊ अशी ही उतरंड दिसली की वाटाड्या बहुधा काही बोलत नाही, फावडे झटकतो आणि दुसरा उतार धरतो.

हिमस्खलन म्हणजे ही उतरंड ढासळणे. वरचा घट्ट पट्टा खालच्या दुबळ्या थरावरून एकसंध सुटतो आणि त्याच्याबरोबर त्यावर उभा असलेला माणूसही. बहुतेक पट्टस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. स्कीपटूला आवडणारे उतारही दुर्दैवाने याच टापूत मोडतात. त्यात वाऱ्याचा वाटा मोठा असतो. वारा एका अंगावरचे हिम खरवडून दुसऱ्या, आडोशाच्या अंगावर नेऊन टाकतो, वाटेत स्फटिकांचा चुरा करतो आणि तो चुरा घट्ट बसवतो. विक्षोभाचे वारे पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतात आणि गुलमर्गकडे तोंड केलेले अफरवटचे उतार साधारणतः उत्तर-पूर्वेचे आहेत, म्हणजे आडोशाचे. आभाळातून हातभर हिम पडले असेल तर या उतारांवर कित्येकदा कमरेइतके साचलेले आढळते. कड्याच्या माथ्यावर याच वाऱ्याने हवेत पुढे आलेले हिमछज्जे बनतात; त्यांच्यावर उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा.

आल्प्समध्ये १९९३ पासून हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि आता बहुतेक ठिकाणी त्याच धर्तीची मोजणी चालते. भारतात हे काम १९६९ मध्ये मनालीला स्थापन झालेली हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था करीत असे. २०२० पासून ती संरक्षण संशोधन विभागाच्या चंडीगड येथील भूमाहिती संस्थेत विलीन झाली असून हिवाळ्यात जिल्हावार इशारे तिच्याकडून दिले जातात. पायऱ्या पाच असल्या तरी तिसरी पायरी ‘मधली’ समजून निर्धास्त होऊ नये. स्कीपटूंचे सर्वाधिक बळी याच पायरीवर जातात, कारण चौथ्या पायरीला लोक मुळातच घरी बसतात. गुलमर्गचा अलीकडचा इतिहासही हेच सांगतो. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्ग भागात प्रशिक्षण घेणाऱ्या लष्करी तुकडीवर स्खलन कोसळून सतरा जवान मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश, आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीपटू याच कारणाने दगावला. गस्तीपथकाची देखरेख असलेला पट्टा सोडून बाहेर जायचे असेल तर प्रत्येकाजवळ शोधयंत्र, शोधकाठी आणि फावडे असलेच पाहिजे. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर तो जगण्याची शक्यता खूप मोठी असते आणि त्यानंतर ती झपाट्याने घसरते. म्हणजेच खालून मदत येण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. वाचवणारा सोबतीच असावा लागतो.

काश्मिरी माणूस हिवाळ्याचे माप वेगळ्या पद्धतीने घेतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ म्हणजे थोरला चिल्ला, पुढे वीस दिवसांचा धाकटा ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. थोरल्या चिल्ल्यात पडलेले हिम टिकते, नंतरचे टिकत नाही, ही तिथली पिढीजात समजूत हवामानशास्त्राशीही जुळते. कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि रात्री लांब असतात. काश्मिरीत हिमाला ‘शीन’ म्हणतात आणि छपरांवरून लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांना ‘शिशिरगांठ’ असे नाव आहे. हा शब्द ऐकल्यावर मराठी माणसाला आपल्या पदरी ‘शिशिर’ असूनही त्याला गाठ मारण्याची संधी मिळाली नाही याची थोडी रुखरुख लागते.

स्कीइंगच्या दृष्टीने या कालगणनेचे भाषांतर असे करता येईल. डिसेंबरात कुरणावरच्या नवशिक्यांच्या उतारांपुरते हिम मिळते. वरच्या उतारांवर खडक उघडे असतात आणि स्कीचा तळ ओरबाडला जातो. जानेवारीचा उत्तरार्ध व संपूर्ण फेब्रुवारी हा भुरभुरीत हिमाचा काळ. तोवर थर जाड झालेला असतो, आणि विक्षोभही जोमात असतात. नवशिक्याने मात्र पावडरच्या नादी लागू नये. तिच्यात स्की बुडते, तोल मागे जातो आणि पडल्यावर उठताना दमछाक होते. त्याच्यासाठी कुरणावरचा, यंत्राने लाटून सपाट केलेला उतारच योग्य. या यंत्राला आपल्याकडे स्नो बीटर म्हणतात. फार कडक थंडीही नवशिक्याच्या उपयोगाची नाही. स्की घसरते ती तिच्या तळाशी घर्षणाने होणाऱ्या पाण्याच्या अतिपातळ पापुद्र्यावर. शून्याच्या थोडे खाली हा पापुद्रा हवा तेवढाच असतो. उणे २०च्या जवळ तो जवळपास नसतोच, आणि हिम वाळूसारखे स्कीला धरून ठेवते. तापमानानुसार तळाला वेगवेगळे मेण लावतात ते याचसाठी.

सहलीला किती दिवस द्यावेत, या प्रश्नाचे उत्तरही विक्षोभातच दडलेले आहे. दोन विक्षोभांच्या दरम्यान सरासरी आठवड्याभराचे अंतर असते. विक्षोभ चालू असताना टंगमर्ग ते गुलमर्ग हा तेरा किलोमीटरचा घाट चाकांना साखळ्या लावल्याशिवाय चढू देत नाहीत, श्रीनगरची उड्डाणे रद्द होतात आणि गंडोलाचा दुसरा टप्पा वाऱ्यामुळे बंद ठेवला जातो. विक्षोभ सरल्यावर निळेभोर आभाळ आणि अस्पर्श हिम असा सोन्यासारखा दिवस उगवतो. पण हिमस्खलनाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा तोच असतो, कारण नवे ओझे अजून थरात बसलेले नसते. गस्तीपथकाने उतार तपासून मोकळे करेपर्यंत थांबावे लागते. हे सगळे जमेस धरता सहा-सात दिवसांपेक्षा कमी मुदतीत गुलमर्ग साधत नाही. ‘तीन रात्री, चार दिवस, बर्फाची हमी’ अशा जाहिरातीवर प्रस्तुत लेखकानेही एकदा विश्वास ठेवला होता. बर्फ खरोखरच मिळाला : आदल्या आठवड्याचा, दिवसा वितळून रात्री गोठलेला, काचेसारखा गुळगुळीत, आणि परतीच्या विमानाची चाके सुटत असताना खिडकीबाहेर हिम पडू लागले.

हमी तर आता हंगामाचीही देता येत नाही. डिसेंबर २०२३ आणि बहुतेक जानेवारी २०२४ गुलमर्गला जवळजवळ कोरडे गेले आणि ऐन थोरल्या चिल्ल्यात कुरणाचे तपकिरी गवत उघडे पडले. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हायच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा हिम अपुरे पडल्याने पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. उत्तराखंडातील औली येथे हिमयंत्रे बसवली आहेत. ती पाण्याचे तुषार थंड हवेत फवारून हिम बनवतात. पण त्यांनाही हवा पुरेशी थंड आणि शक्यतो कोरडी लागते, त्यामुळे ऊबदार हिवाळ्यात ती नेमकी गरजेच्या वेळी गप्प बसतात. तेव्हा आरक्षण करण्यापूर्वी नोव्हेंबरपासूनच्या हिमवृष्टीच्या नोंदी पाहाव्यात आणि तारखा शक्य तितक्या उशिरा पक्क्या कराव्यात.

अंगावरच्या कपड्यांविषयी थोडक्यात. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर त्वचेला ती थंडी उणे २० सारखी लागते; माथ्यावर एवढा वारा नेहमीचाच. उंचीबरोबर दर हजार मीटरला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजे हिम त्यांतील ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकते. त्यामुळे उजेड वरून येतो तसाच खालूनही येतो, आणि हनुवटीच्या तळाशी व नाकपुड्यांत त्वचा भाजते. ढगाळ दिवशी चष्मा काढून ठेवणाऱ्याला संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटू लागते. याला हिमांधता म्हणतात. तिचा त्रास दोन-एक दिवस पुरतो.

राहिला मार्च. चिल्ले संपलेले असतात, सूर्य वर चढलेला असतो आणि हिमाची जात पुन्हा बदलते. दिवसा वरचे कण वितळतात, रात्री ते गोठतात, आणि अशा आवर्तनांतून ज्वारीच्या दाण्यांएवढे गोल, भरड कण तयार होतात. याला कणीदार हिम म्हणू. पहाटे हा थर पत्र्यासारखा कडक असतो. दुपारनंतर त्याचा रबरबीत लगदा होतो, स्की त्यात चिकटते आणि उन्हाच्या अंगावरची ओली स्खलने सुरू होतात. मधले दोन-तीन तास मात्र वरचा बोटभर थर सैल झालेला आणि खालचा पाया अजून घट्ट असतो, आणि तेव्हाच्या उतारावर स्की जितकी आपणहून वळते तितकी फेब्रुवारीच्या पावडरमध्येही वळत नाही. पूर्वेकडच्या उतारांवर ही वेळ लवकर येते, उत्तरेकडच्यांवर उशिरा. टाचेने दाबून पाहावे : टाच नुसती वाजली तर अजून चहा घेण्यास सवड आहे; घोट्यापर्यंत रुतली तर आजची वेळ टळली; आणि फक्त टाचेचा ठसा उमटला तर स्की बांधाव्यात.